अमेरिकेतील सोरॉरिटी-प्रवेशाची खासगी शिकवणी : पैसे मोजावेत का?

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलींना सोरॉरिटीत, म्हणजे तिथल्या विद्यार्थिनींच्या संघटनेत, स्थान मिळावे म्हणून त्यांची तयारी करून घेणारे खासगी कोच आता तिथे चांगलेच स्थिरावले आहेत आणि त्यांची फी काहीशे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत असते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीने आपल्या मुलीसाठी अशी एक सेवा घेतली. भाची त्या काळात आजोळी, म्हणजे आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी राहायला आली होती, त्यामुळे त्या शिकवणीचा मोठा भाग माझ्यासमोर झाला. ‘ताई, तू आयुष्यभर मुलांना शिकवलंस, जरा शेजारी बसून बघ आणि पैसे योग्य जागी पडताहेत का ते मला सांग,’ असे बहिणीने फोनवर सांगितले होते, आणि भाचीचीही त्याला हरकत नव्हती. सोलापुरातून अमेरिकेत गेलेल्या पिढीची मुले आता कॉलेजच्या वयात आली आहेत, तेव्हा हा प्रश्न इतरही घरांपुढे येणार, म्हणून त्या दोघींना जे सांगितले तेच येथे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवते. पूर्ण पॅकेज घेण्याची गरज नाही. संभाषणाच्या सरावाची एक-दोन सत्रे सुटी मिळत असतील आणि मुलीला अनोळखी माणसांशी बोलताना खरोखर अवघडायला होत असेल, तर तेवढ्यापुरते पैसे देण्यात गैर काही नाही.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. अमेरिकेतील बहुतेक जुन्या, मोठ्या सोरॉरिटी ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या १९०२ साली स्थापन झालेल्या परिषदेच्या छत्राखाली येतात. त्यांच्या शाखा विद्यापीठाविद्यापीठांत असतात, आणि दक्षिणेकडच्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत या शाखांची स्वतःची भव्य घरे असतात. दर वर्षी, अनेक ठिकाणी ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याच्या आधी, नव्या मुलींच्या निवडीचा आठवडा होतो. पूर्वी त्याला ‘रश’ म्हणत आणि बोलण्यात अजूनही तोच शब्द आहे. कागदोपत्री त्याला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात. मुली पहिल्या फेरीत सगळ्या घरांना, म्हणजे सोरॉरिटींच्या शाखांना, भेट देतात. पुढच्या फेऱ्यांत समाजकार्य आणि संघटनेतील आपलेपणा यांची ओळख करून दिली जाते, आणि शेवटच्या, ‘प्रेफरन्स’ नावाच्या फेरीत साधारण दोनच घरे उरतात. प्रत्येक फेरीनंतर घरे मुलींना वगळतात आणि मुलीही आपला पसंतिक्रम कळवतात. शेवटी ज्या घराकडून लेखी निमंत्रण येते त्याला ‘बिड’ म्हणतात. अलाबामा विद्यापीठात या प्रक्रियेत सुमारे अडीच हजार मुली उतरतात आणि बिड वाटण्याचा कार्यक्रम तिथल्या ब्रायंट-डेनी या अवाढव्य फुटबॉल स्टेडियममध्ये होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये याच विद्यापीठातल्या मुलींचे ‘आज मी काय घातले’ अशा थाटाचे व्हिडिओ टिकटॉकवर जगभर गाजले. त्यानंतर कोचिंगकडे लोकांचे लक्ष अधिकच वळले. टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद असले, तरी तेच व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून सोलापुरातल्या मुलींपर्यंतही पोहोचलेले मी पाहिले आहेत.

आपल्याकडून अमेरिकेला जाणारे बहुसंख्य विद्यार्थी एमएससाठी जातात आणि सोरॉरिटी ही पदवीपूर्व विद्यार्थिनींची गोष्ट आहे, तेव्हा त्यांचा या विषयाशी संबंध येत नाही. तिकडेच वाढलेल्या, किंवा इथून बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी मात्र पुढचे सगळे उपयोगी आहे.

बहिणीने घेतलेले पॅकेज मधल्या दराचे होते आणि तरीही ते दोन लाख रुपयांच्या वर गेले. त्यात व्हिडिओ कॉलवरची सत्रे, समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी, परिचयपत्र दुरुस्त करून देणे, पहिल्या फेरीसाठी विद्यापीठाकडे पाठवायच्या छोट्या व्हिडिओवर सूचना, प्रत्येक फेरीच्या कपड्यांची पसंती, आणि निवडीच्या आठवड्यात रोज एक फोन, इतक्या गोष्टी होत्या. कोच बाई स्वतः एका सोरॉरिटीच्या माजी सदस्य होत्या, वेळेच्या पक्क्या होत्या आणि बोलायला अतिशय सौजन्यपूर्ण होत्या. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे बहुतेक सत्रे दिवेलागणीच्या सुमारास आमच्या जेवणाच्या टेबलावर होत असत. त्यांच्या सचोटीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. प्रश्न आहे तो त्यांनी जे विकले त्याच्या किमतीचा.

सर्वांत चांगले काम झाले ते संभाषणाच्या सरावात, आणि ते नीट सांगितले पाहिजे. भाची इथे आल्यावर ओळखीने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक चादरीचा कारखाना बघून आली होती. मागाच्या वर बसवलेले जकार्डचे यंत्र, त्याला दोरीने गुंफून लावलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ, कोणत्या पुठ्ठ्याला कुठे भोक आहे यावर ताण्याचा कोणता धागा उचलला जाणार हे कसे ठरते, आणि त्यातून चादरीवर मोर कसा उतरतो, हे सगळे तिने घरी आल्यावर डोळे मोठे करून आम्हाला सांगितले होते. सत्रात कोच बाईंनी ‘सुट्टीत काय केलेस’ असे विचारल्यावर तिने हीच हकिकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि मग घड्याळ दाखवले. पहिल्या फेरीत एका घरात मुलीला बोलायला मिळतात ती काही मिनिटे, भोवती शंभर जणींचा गलका असतो, आणि समोरची मुलगी त्या दिवशी असंख्य जणींशी बोललेली असते, असे त्यांनी समजावले. हकिकत तीन वाक्यांत बसव आणि शेवटी समोरचीला बोलायला जागा ठेव, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भाचीने तीन-चार प्रयत्नांनंतर ती अशी बसवली की पुठ्ठ्यांची माळ राहिली, मोर राहिला, आणि शेवटी ‘तुमच्या घरी आजीच्या काळातली अशी एखादी वस्तू अजून वापरात आहे का?’ हा प्रश्न आला. त्या एका प्रश्नाने तिचे सगळे बोलणे बदलले. आपल्याकडे पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे गप्प बसायला मुलींना शिकवले जाते, किंवा विचारलेल्या प्रश्नाला तोंडी परीक्षेसारखे उत्तर द्यायला. आपणही प्रश्न विचारून समोरच्याला खुलवायचे असते हे फारसे कोणी शिकवत नाही. हे कौशल्य पुढे नोकरीच्या मुलाखतीतही उपयोगी पडेल, आणि त्या सत्राचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

पण हा सराव करून घ्यायला सोरॉरिटीचीच माहितगार लागते असे नाही. दुसऱ्या आठवड्यात भाची आमच्या शेजारच्या काकूंशी, वाचनालयातल्या बाईंशी, इतकेच काय पण दुरुस्तीसाठी आलेल्या गॅसवाल्याशीही तोच सराव करू लागली आणि तिची गती सत्रांपेक्षा त्यातच अधिक वाढली.

आता मुख्य मुद्दा. कोचिंगची जाहिरात वाचली की असे वाटते की निवड ही मुलीच्या छापावर ठरते आणि छाप विकत घेता येतो. प्रत्यक्षात या निवडीचा बराच मोठा भाग आकडेमोडीने चालतो आणि त्या आकडेमोडीला कोणीही कोच हात लावू शकत नाही. कोणत्या घराने कोणत्या फेरीला किती मुलींना परत बोलवावे याची संख्या ‘रिलीज फिगर्स’ नावाच्या पद्धतीने ठरते. त्या घराने मागील वर्षांत बोलावलेल्या मुलींपैकी किती जणी परत आल्या, हे पाहून ती ठरवली जाते. ज्या घराची मागणी मोठी, त्याने बोलावलेल्या जवळपास सगळ्याच मुली परत येतात. म्हणून त्या घराला पहिल्याच फेरीनंतर फार मोठ्या संख्येने मुली वगळाव्या लागतात. ज्या घराला मागणी कमी, त्याला अधिक मुलींना बोलावण्याची मुभा असते. याचा हेतू चांगला आहे. आपल्याला जिथे शेवटपर्यंत जागा नाहीच, तिथे मुलीला चार दिवस आशेवर ठेवू नये आणि तिला वेळीच इतर घरांकडे लक्ष देता यावे, यासाठी ती व्यवस्था आहे. पण याचाच अर्थ असा की पहिल्या फेरीनंतर नावाजलेल्या घरांनी वगळलेल्या शेकडो मुलींमध्ये उत्तम बोलणाऱ्या, उत्तम गुणांच्या आणि महागडे कोचिंग घेतलेल्या मुलीही असतातच. जागा मोजक्या, आणि प्रत्येकीला मिळालेली मिनिटे मोजकी.

शेवटच्या फेरीनंतरची पायरी तर आपल्या पालकांना अगदी ओळखीची वाटेल. मुलगी उरलेल्या घरांचा पसंतिक्रम लिहून सही करते, घरे आपल्या याद्या देतात, आणि दोन्ही याद्यांची जुळणी ठरलेल्या नियमाने होते. अशा दुहेरी जुळणीचा अभ्यास अर्थशास्त्रात गांभीर्याने झालेला आहे. सुसान मॉन्जेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात सोरॉरिटीच्या निवडीवरच संशोधन-निबंध प्रसिद्ध केला होता, आणि जुळणीच्या सिद्धान्तावरील एकूण कामासाठी रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५ पासून जोसा या संयुक्त जागावाटप यंत्रणेच्या एकत्रित फेऱ्यांतून वाटल्या जातात, त्यामागेही याच कुळातली पद्धत आहे. मॉन्जेल आणि रॉथ यांना जी गोष्ट ठळकपणे आढळली ती अशी की बऱ्याच मुली पसंतिक्रमात एकच नाव लिहून मोकळ्या होत. आपल्याकडे कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये पुण्यातली दोनच नावाजलेली महाविद्यालये भरून बाकी रकाने रिकामे सोडणारा मुलगा जो धोका पत्करतो, तोच धोका ही मुलगी पत्करते.

यातील नियम मुलीने स्वतः वाचले पाहिजेत, कारण त्यांचे परिणाम वर्षभर राहतात. पसंतिक्रमावर सही केल्यानंतर त्यात लिहिलेल्या घराकडून बिड आले आणि मुलीने ते नाकारले, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य निवडीपर्यंत तिला त्या विद्यापीठात परिषदेच्या दुसऱ्या कोणत्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. उलट, जी मुलगी मिळालेल्या सर्व निमंत्रणांना हजर राहते आणि शेवटी उरलेली सर्व घरे पसंतिक्रमात लिहिते, तिला कोठे ना कोठे जागा मिळावी अशी तरतूद बहुतेक विद्यापीठांत असते. संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा सल्ला हाच आहे, आणि तो विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कार्यालयाच्या पुस्तिकेत मिळतो. शिवाय मुलींच्या प्रत्येक गटाला प्रक्रियेपुरती स्वतःच्या सोरॉरिटीपासून अलिप्त झालेली एक वरिष्ठ विद्यार्थिनी मार्गदर्शक म्हणून दिलेली असते, ती हाच सल्ला तोंडी देते, आणि त्यासाठी वेगळी फी द्यावी लागत नाही. आमच्या कोच बाईंनीही तोच सल्ला दिला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. मात्र तो त्यांच्या तिसऱ्या सत्रात आला, आणि त्याआधीची दोन सत्रे घरांच्या प्रतिष्ठेची उतरंड सांगण्यात गेली. ती उतरंड ऐकल्यापासून बहिणीच्या मनात दोन-तीन नावे अशी रुतून बसली की बाकीची घरे तिला दुय्यम वाटू लागली. मुलीने सर्व पर्याय खुले ठेवावेत असे सांगायचे आणि त्याच वेळी पर्यायांना वरचे-खालचे शिक्के मारायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. पैसे देणाऱ्या पालकाला उतरंड ऐकायला आवडते म्हणून ती सांगितली जाते, असे मला वाटते.

कपड्यांच्या भागाबद्दल मी नाराज आहे. भाचीने नवी पेठेतून इरकलचे कापड घेऊन गुडघ्यापर्यंतचा एक साधा, देखणा पोशाख शिवून घेतला होता. काठ फक्त खाली, बाकी गडद निळा. कोच बाईंनी फोटो पाहून तो बाजूला ठेवायला सांगितले आणि ठरावीक दुकानांच्या ठरावीक फ्रॉकची यादी पाठवली. समाजकार्याच्या फेरीसाठी तर अनेक विद्यापीठे स्वतःच टी-शर्ट देतात, तेव्हा तिथे प्रश्नच नसतो. उरलेल्या फेऱ्यांसाठी ऑगस्टच्या दमट उन्हात दिवसभर चालता येईल असे सुटसुटीत कपडे आणि न चावणारी पादत्राणे एवढीच खरी गरज असते. यादीतल्या वस्तूंची बेरीज कोचिंगच्या फीवर आणखी किती चढते हे कोणत्याही पॅकेजच्या किमतीत लिहिलेले नसते, आणि पालकांनी खर्चाचा अंदाज करताना ते धरलेच पाहिजे. समाजमाध्यमांच्या तपासणीत आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते, पण घरातले कोणीही समंजस मोठे माणूस अर्ध्या तासात ते करू शकेल.

व्हिडिओच्या सूचना मात्र चांगल्या होत्या: खिडकीकडे तोंड करून बस, पाठांतर करू नकोस, नाव सावकाश उच्चार. भाचीला आपले मराठी आडनाव घाईने उरकून टाकायची सवय होती. ते दोनदा सावकाश म्हणून घेतल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताठपणा गेला, ते मला स्पष्ट दिसले.

एका विषयावर मात्र कोच बाईंकडे काहीच नव्हते, आणि भारतीय घरांसाठी तो विषय टाळता येण्यासारखा नाही. दक्षिणेतल्या या संघटना फार काळ गोऱ्या मुलींपुरत्याच राहिल्या होत्या. सप्टेंबर २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थी-वृत्तपत्राने उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला सोरॉरिटींनी माजी सदस्यांच्या दबावाखाली कसे डावलले याची बातमी दिली. देशभर गदारोळ झाला, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, आणि तेव्हाच्या अध्यक्षा ज्युडी बॉनर यांनी प्रवेशाची दारे पुन्हा उघडायला लावली. त्यानंतर बदल झालेला आहे. २०२० नंतर अनेक सोरॉरिटींनी माजी सदस्यांच्या मुली-नातींना मिळणारे झुकते माप आणि शिफारसपत्रांची सक्तीही सोडली, आणि ज्यांच्या घरात आधी कोणी सोरॉरिटीत नव्हते अशा कुटुंबांना त्याचा फायदा आहे. तरीही बहिणीने सरळ विचारले, की आमच्या मुलीला रंगामुळे काही सोसावे लागेल का, आणि लागले तर तिने काय करावे? त्यावर कोच बाईंचे उत्तर असे होते की दिवाळी, होळी, नृत्य असे काहीतरी रंगीबेरंगी सांगावे, मुलींना ते आवडते. प्रश्न होता तिच्या वागणुकीच्या हक्काचा आणि उत्तर मिळाले सजावटीचे. दोन लाख रुपये घेणाऱ्या तज्ज्ञाकडून मी यापेक्षा पुष्कळ अधिक अपेक्षा करते. निदान एवढे तरी सांगायला हवे होते, की परिषदेबाहेरही प्रतिष्ठित वाटा आहेत. दक्षिण आशियाई विद्यार्थिनींनी १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात ‘डेल्टा फाय ओमेगा’ आणि टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन परिसरात ‘कॅपा फाय गॅमा’ या सोरॉरिटी सुरू केल्या. कमला हॅरिस ज्या ‘अल्फा कॅपा अल्फा’च्या सदस्य आहेत, ती कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात स्थापन केलेली संघटना आहे. या संघटनांची सदस्य घेण्याची रीत वेगळी असते आणि या ऑगस्टच्या धावपळीशी तिचा संबंध नसतो.

निवडीच्या आठवड्यात रोजचा फोन हा पॅकेजचा सर्वांत महाग भाग होता. भाची तेव्हा तिकडे परतली होती आणि मला सगळे कळत होते ते बहिणीकडून. पहिल्या फेरीनंतर निम्म्याहून अधिक घरांनी वगळल्याचे कळताच भाची रडली, झोपली, आणि सकाळी उठून आपल्या गटातल्या मुलींबरोबर पुढच्या फेरीला गेली. बहीण मात्र सावरली नाही. त्या दिवशीचा, आणि नंतरचेही बहुतेक फोन प्रत्यक्षात बहिणीचेच होते. कोच बाई तिला धीर देत होत्या, हे असेच असते असे सांगत होत्या, आणि ते त्या मनापासून करत होत्या. परक्या देशात, आपण स्वतः कधी न पाहिलेल्या रिवाजातून मुलीला जाताना पाहणाऱ्या आईला असा आधार लागतो हे मी समजू शकते. पण मग ही सेवा मुलीच्या निवडीसाठी घेतली की आईच्या मनःशांतीसाठी, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. मला वाटते, ज्यांची मुलगी आदल्या वर्षी यातून गेली आहे अशा एखाद्या मराठी आईचा फोन बहिणीला त्या आठवड्यात कोचपेक्षाही अधिक उपयोगी पडला असता. तिथल्या महाराष्ट्र मंडळांतून अशी ओळख निघणे अवघड नाही.

भाचीला बिड मिळाले. कोच बाईंच्या उतरंडीत मध्याच्या खाली असलेल्या एका घराचे, आणि ती तिथे रमली आहे. यावरून कोचिंगचा फायदा झाला असे बहीण म्हणते. मी म्हणत नाही, आणि उलटही म्हणत नाही. सर्व निमंत्रणांना हजर राहिलेल्या, सर्व नावे लिहिलेल्या मुलीला बिड मिळण्याची शक्यता मुळातच चांगली असते, आणि कोचिंग न घेता तिचे काय झाले असते हे पाहण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणूनच ‘आमच्या इतक्या मुलींना बिड मिळाले’ अशा जाहिरातीला किंमत देऊ नये. त्यांत किती मुलींना ते एरवीही मिळालेच असते, आणि किती जणींना हव्या त्या घराचे मिळाले, हे त्या आकड्यात नसते. कोणी विशिष्ट घराची खात्री देत असेल तर त्या क्षणी फोन ठेवावा, कारण तसे वचन देण्याचा अधिकार घराच्या सदस्यांनाही नसतो. आगाऊ बिड कबूल करण्यास परिषदेच्या नियमांनीच मनाई आहे.

कोचिंगच्या बाजूने सांगण्यासारखा सर्वांत सबळ मुद्दा असा आहे की ज्या गोऱ्या घरांत आई, मावशी, आजी सगळ्या सोरॉरिटीत होत्या, तिथल्या मुलीला हे सगळे जेवताखाताना कळते, आणि आपल्या मुलीला ते सांगणारे घरात कोणी नसते. ही विषमता खरी आहे आणि कोच ती काही अंशी भरून काढतो. बहिणीने पैसे दिले ते याच भावनेतून, आणि त्या भावनेला मी कमी लेखत नाही. पण ही उणीव माहितीची आहे. फेऱ्या कशा होतात, कोणत्या फेरीला काय बोलले जाते, गुणांची अट कोणत्या घराची किती, सहीचा अर्थ काय, हे सगळे विद्यापीठाच्या पॅनहेलेनिक कार्यालयाकडून ईमेलने विचारता येते, आणि भाचीने ज्या ज्या प्रश्नांची पत्रे पाठवली त्यांची उत्तरे दोन दिवसांत आली.

ज्या खर्चाबद्दल कोच बाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत तो मात्र बिडनंतर सुरू झाला. सोरॉरिटीची सदस्यता फुकट नसते. नव्या सदस्याचे एकरकमी शुल्क, दर सत्राची वर्गणी, घरातले जेवण, कार्यक्रमांचे कपडे, आणि पुढे घरात राहायला गेल्यास खोलीचे भाडे, असे मिळून वर्षाला काही हजार डॉलर सहज होतात, आणि हे पदवी संपेपर्यंत चालते. शाखांचे शुल्क किती, हे नोंदणीच्या वेळी मागितल्यास मिळते. सोलापुरात बसून मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या घराने कोचिंगची चौकशी करण्याआधी हा तक्ता मागवावा, तो वाचून मुलीशी बोलावे, आणि तिला हे खरोखर हवे आहे का ते तिच्याच तोंडून ऐकावे. भाचीला हे हवे होते, कारण तिला हजारोंच्या विद्यापीठात एक छोटे घर हवे होते, आणि ते कारण मला पटले.

एवढे करूनही कोणाला कोच घ्यायचाच असेल तर तो मे महिन्यात घ्यावा, जुलैअखेरीस घाबरून घेऊ नये. सुट्या सत्रांचा दर विचारावा. मुलीने मध्येच प्रक्रिया सोडली तर पैसे परत मिळतात का हे लेखी घ्यावे, आमच्या करारात ते नव्हते. आणि पहिल्या संभाषणाला आई-वडिलांनी न बोलता मुलीला बोलू द्यावे. त्या अर्ध्या तासात कोच मुलीला प्रश्न किती विचारतो आणि स्वतः किती बोलतो, याकडे लक्ष द्यावे.